सायबीण आमच्याकडेच राहिली

आमच्या वाड्यातून चर्चच्या कौन्सिलवर मी निवडून गेले, त्याला कारण एकच. मी बोलत नाही.

माझ्या आधीचा मेंबर फार बोलायचा. पंख्यांच्या विषयावर बोलता बोलता तो फादरांनाही बोलला, आणि मग वाड्याने, म्हणजे आमच्या वस्तीने, ठरवलं की आता कोणीतरी गप्प माणूस पाठवायचं. गप्प माणूस म्हटल्यावर सगळ्यांच्या माना माझ्या दाराकडे वळल्या. मी शाळेत चौथीपर्यंत गेले. तिथेसुद्धा बाईंनी नाव विचारलं की मी शेजारणीकडे बघायची, आणि ती माझं नाव सांगायची. एवढी माझी बोलण्याची ख्याती!

कौन्सिलची बैठक रविवारी मिस्सा संपल्यावर वेदीमागच्या खोलीत होते. तिथे फुटलेली कौलं कधी बदलायची, सिमेतरीतलं, म्हणजे दफनभूमीतलं, गवत कोणी कापायचं, झाडलोटीची पाळी कुठल्या वाड्याची, आणि माइक फक्त फादर खोकल्यावरच का चालू होतो, हे विषय असतात. पंखे हवेत म्हणणारे एका बाकावर बसतात, समुद्राचा वारा असताना पंखे कशाला म्हणणारे दुसऱ्या. मी दाराजवळ बसायची. (दोन्हीकडच्यांना वाटायचं, मी त्यांच्या बाजूची आहे.) मेंबर म्हणून मला फारसं काही करावं लागत नव्हतं. ऑक्टोबर येईपर्यंत.

ऑक्टोबरात आमच्याकडे सायबीण घरोघर फिरते. सायबीण म्हणजे देवमातेची मूर्ती, काचेच्या पेटीतली. एक दिवस एका घरात तिचा मुक्काम. संध्याकाळी सगळा वाडा तिथे जमतो, प्रार्थना होते, गाणी होतात, उकडलेले चणे वाटले जातात, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या घरची माणसं मेणबत्त्या घेऊन येतात आणि तिला घेऊन जातात. यात एक रीत आहे. ज्याच्या घरी सायबीण आहे त्याने कधी म्हणायचं नाही, की आता हिला न्या. आई घरी आलेली असताना तिला कोणी जा म्हणतं का? आणि ज्याच्या घरी ती जायची आहे, त्यानेही मागायचं नाही. आई काय मागून आणायची वस्तू आहे? मग सायबीण पुढे सरकणार कशी? त्यासाठी मेंबर असतो. चणे वाटायच्या आधी तो उभा राहतो आणि मोठ्याने सांगतो, "सायबीण उद्या अमक्याच्या घराक. सगळ्यांनी येवचा." एवढंच. कौन्सिलने ही रीत किती वर्षांपूर्वी घातली ते कोणाला आठवत नाही, पण ती कधी मोडली नव्हती.

त्या वर्षी मेंबर मी होते. पहिल्या घरांपुरतं निभावलं, कारण माझा नवरा पास्कू मागे उभा राहून माझ्या वतीने ओरडायचा. मग पास्कूची रापण सुरू झाली. रापणीचं जाळं किनाऱ्यावरून ओढायचं, ते सगळ्यांनी मिळून, आणि मासे वाटून घरी यायचं, त्यात संध्याकाळ निघून जायची. नेमकी त्याच वेळी सायबीण आली आमच्या घरी.

म्हणजे बघा, मीच घरवाली आणि मीच मेंबर! घरवालीने न्या म्हणायचं नाही आणि मेंबरने न्या म्हटल्याशिवाय राहायचं नाही.

पुढचं घर रोझामावशीचं होतं. माझी सख्खी मावशी नव्हे, पण या वाड्यात लग्न होऊन आले तेव्हा बांगडे कसे कापायचे ते तिनेच मला शिकवलं, तेही न बोलता, नुसतं माझ्यासमोर बसून. ती एकटी राहायची. पाय थकले होते, दोनदा न्हाणीत पडली होती. तिचा मुलगा आग्नेल नालासोपाऱ्याला असतो, तो तिला कायमची घेऊन जायला येणार होता. हे तिने वाड्यात कोणाला सांगितलं नव्हतं, फक्त मला. (माझ्या पोटात गोष्ट राहते असं सगळे म्हणतात. राहणार नाही तर जाणार कुठे?) जाण्याआधी एकदा सायबीण घरात येऊन जावी, मग कुलूप घालायला काही वाटणार नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. तिने पुढच्या खोलीला चुना लावून घेतला होता. टेबलावर घालायला पांढरं कापड धुऊन, पेजेची खळ करून कडक केलं होतं.

पहिल्या संध्याकाळी प्रार्थना संपली. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी उभी राहिले. सायबिणीकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि म्हणाले, "चणे घेवा."

लोकांनी चणे घेतले आणि घरी गेले. मला वाटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी काही सांगितलंच गेलं नव्हतं, म्हणून लोक पुन्हा आमच्याकडेच आले. मीही भरपूर चणे उकडून ठेवले होते, म्हणजे सांगायचं राहिलं तरी निदान खायला असावं. आणि ते राहिलंच. तिसऱ्या दिवशी शेजारणी आपसात कुजबुजायला लागल्या की फिलूने, म्हणजे मी, आंगवण केली असणार. आंगवण म्हणजे नवस. आणि कोणाची आंगवण असली, की मध्ये तोंड घालायचं नाही, हीसुद्धा आमच्याकडची रीत. म्हणजे आता दुसरंही कोणी काही सांगणार नव्हतं!

मग आंगवण कशासाठी, यावर विचार सुरू झाला. कोणी म्हणालं मुलीच्या लग्नासाठी, कोणी म्हणालं घराच्या गळक्या कौलांसाठी, पण बहुमत पडलं पास्कूच्या दारूवर. पास्कूला हे रापणीवर कळलं. तो तसाच ओल्या चड्डीने घरी आला, सायबीण दिसल्यावर आधी गुपचूप अंगावर सदरा घातला, आणि मग मला मागच्या पडवीत बोलावून हळू आवाजात विचारलं, "माझी दारू सायबिणीच्या कानार घातलंस?"

मी नाही म्हणाले. त्याचा विश्वास बसला नाही. त्या दिवसापासून तो घरी पिईना. शेजारी शेवंतीकाकींचा गोठा आहे, तिथे जाऊन प्यायचा, म्हशीकडे तोंड करून. शेवंतीकाकी मासे विकतात, त्यांचं घर हिंदू, पण सायबिणीला अबोलीचा वळेसर रोज त्यांच्याकडून यायचा. एक दिवस वळेसर घालता घालता त्या म्हणाल्या, की कोण एवढे दिवस एका जागेवर राहतं गो, तिला इथून हलायचंच नसेल.

त्या सहज म्हणाल्या. पण मासे विकणाऱ्या बाईने सकाळी म्हटलेलं दुपारपर्यंत मालवणच्या बाजारात पोचतं. संध्याकाळी दुसऱ्या वाड्यातून माणसं आली. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून तोंडवलीहून आली. दारात चपला एवढ्या झाल्या की पास्कूला स्वतःच्या घरात शिरायला वाट राहिली नाही. (त्याने ती वाट गोठ्याच्या बाजूने काढली.) चणे संपले, मग वाटाणे उकडले, वाटाणे संपले, मग चवळी. चवळी का, असं एका म्हाताऱ्याने विचारलं तेव्हा त्याला दुसऱ्याने गप्प केलं, म्हणाला, यातही काहीतरी अर्थ असणार.

मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगणार. विहिरीवर पाणी ओढताना ते वाक्य म्हणून बघायची. विहिरीला ते स्पष्ट ऐकू जायचं. पण संध्याकाळ जवळ आली की घशात जाळं अडकल्यासारखं व्हायचं. आणि जसजशी गर्दी वाढत गेली, तसतसं ते वाक्य जड होत गेलं. पहिल्या दिवशी ते दहा माणसांसमोर बोलायचं होतं. आता ते एका चमत्काराला सांगायचं होतं, की ऊठ, तू चमत्कार नाहीस.

रोझामावशी रोज येत नव्हती, पायांमुळे. एका संध्याकाळी ती काठी टेकत आली. लोकांनी तिला पुढे जागा दिली. प्रार्थनाभर ती सायबिणीकडे बघत होती. मी तिच्यासमोर चवळीची वाटी धरली तेव्हा तिने माझा हात धरून खाली ओढलं, आणि अगदी हळू म्हणाली, "गो फिलू, सायबीण माझ्याकडे येवक बघणा नाय ना?"

मी वाटी तिच्या हातात दिली.

"सुनेक मी कधी चुलीकडे येवक देवक नाय," ती म्हणाली. "ताच धरून बसली असतली ती."

एवढंच मला सांगायचं होतं, की मावशे, सायबीण काही धरून बसली नाही. मी बसले आहे, माझी जीभ धरून. दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नव्हतं, कानात सांगायचं होतं, ओरडायचंसुद्धा नव्हतं. मी काय केलं? मी तिच्या वाटीत अजून एक पळी चवळी घातली. तिने ती खाल्ली नाही. पदराला बांधून घेऊन गेली. ती पळी अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे, आणि त्या पळीने काही वाढायला घेतलं की मला ती संध्याकाळ आठवते. तरी मी तिने वाढते, कारण दुसरी पळी नाही.

त्या रविवारी कौन्सिलमध्ये हाच विषय. पंख्यांचे दोन्ही बाक पहिल्यांदाच एका मताचे होते. इनास आमच्या कौन्सिलचा सेक्रेटरी, एसटीतला निवृत्त कंडक्टर. त्याचा आवाज आजही शेवटच्या सीटपर्यंत जातो. त्याने फादरांना सांगितलं की अशी गोष्ट या चर्चमध्ये याआधी झाली नाही, बिशपांना कळवायला पाहिजे. फादर नवीन, घाटावरचे, हसतमुख. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले.

"फिलोमिनाबाई, मूर्ती तुमच्या घरी आहे. तुम्हीच सांगा, नेमकं काय झालंय?"

याहून चांगली संधी कोणाला मिळते? मी उभी राहिले. सगळी खोली गप्प झाली. बाहेर कावळा ओरडत होता तोही थांबला. त्या शांततेची मला एवढी भीती वाटली की तोंडातून शब्द न येता डोळ्यांतून पाणी आलं.

"बघा फादर," इनास म्हणाला. "तिका बोलूकच येणा नाय. ह्या साधासुधा न्हय."

फादरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग ठरलं की येत्या रविवारी फादर स्वतः वाजतगाजत येतील, सायबिणीला विनंती करतील आणि चर्चमध्ये घेऊन जातील. सगळ्यांनी होकार दिला. मला एकटीलाच माहीत होतं की आग्नेल शनिवारी गाडी घेऊन येणार आणि मावशीला घेऊन लगेच निघणार, त्याची सुट्टी नव्हती.

शनिवारी सकाळी मी भाकऱ्या करत होते. गाडीच्या डिकीचं दार आपटल्याचा आवाज आला. रोझामावशीचं घर आमच्याच वाटेवर, समुद्राच्या अंगाला. मी तव्यावरची भाकरी तशीच टाकली, हात धुतले, पिठाचा पदर झटकला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाला न विचारता एक काम केलं. सायबिणीची पेटी उचलली आणि घराबाहेर पडले. सांगता येत नाही ना, मग नेऊन तरी ठेवते. बोलावं लागणार नाही.

फाटकाबाहेर डावीकडे वळले की मावशीचं घर. धावत गेले असते तर भाकरी करपायच्या आत पोचले असते.

कुंपणापलीकडे शेवंतीकाकी माशांची टोपली उचलत होत्या. त्यांनी मला पेटी घेऊन बाहेर पडताना बघितलं आणि टोपली तिथेच टाकून हाक दिली, "सायबीण हलली गो!"

त्यानंतर जे झालं ते इतकं पटकन झालं की त्या आधीचे सगळे दिवस मी कशाला घाबरत होते ते कळेना. समोरच्या घरातून इनास बनियनवर धावत आला. कोणीतरी मेणबत्त्या आणल्या, कोणी फुलं, कोणी डोकीवर पदर घेत आली, कोणी दात घासता घासता. सगळ्यांनी मला मध्ये घेतलं. इनासने कंडक्टरच्या आवाजात जोड्या लावायला सांगितलं, लोकांनी जोड्या लावल्या, गाणं सुरू झालं, आणि मिरवणूक निघाली. उजवीकडे!

उजवीकडे चर्च आहे. रविवारी फादर येऊन चर्चमध्ये नेणार हे सगळ्यांना माहीत, तेव्हा सायबीण एक दिवस आधी आपणहून निघाली, तर ती चर्चलाच निघाली असणार. कोणाला विचारायची गरजच वाटली नाही. मी मध्ये, माझ्या पुढे माणसं, मागे माणसं, हातात देवमाता. मी डावीकडे बघत होते आणि पाय उजवीकडे चालत होते. मागच्या बायकांना वाटलं, मी वळून वळून घराचा निरोप घेते आहे. त्याही रडायला लागल्या.

मिरवणुकीची चाल तुम्हाला माहीत आहे. एक पाऊल, मग थांबायचं, मेणबत्ती विझली तर पेटवायची, मग दुसरं पाऊल. पास्कू मला समोरून येताना दिसला, रापणीवरून घरी येत होता. तो वाटेच्या कडेला गुडघ्यावर बसला. मी त्याच्याकडे डोळे मोठे करून बघितलं, की काहीतरी कर. त्याने कानाला हात लावून दारू सोडल्याचं कबूल केलं.

आम्ही वाटेवरच्या खुरसापर्यंत, म्हणजे क्रुसापर्यंत, पोचलो असू, तेव्हा मागून गाडी आली. आग्नेलने हॉर्न वाजवला नाही. चांगला मुलगा आहे. तो आमच्या मागून चालीने गाडी आणत राहिला. खुरसाजवळ वाट जरा रुंद आहे, तिथे इनासने लोकांना कडेला घेतलं आणि गाडीला हात दाखवला, की जाऊ दे. गाडी हळूहळू पुढे आली आणि माझ्या बाजूला येऊन थांबली.

मागच्या सीटवर रोझामावशी होती, मांडीवर पिशवी. तिने काच खाली केली. हात बाहेर काढून पेटीच्या काचेवर बोटं टेकवली, ती ओठांना लावली, आणि कपाळावर खुरीस केला. मग सायबिणीला म्हणाली, "बरी रव गे माये."

माझ्याकडे बघून तिने थोडं हसल्यासारखं केलं. माझ्यावर तिचा राग नव्हता. सायबीण दुसरीकडे जायला निघाली होती, तिला जिथे जायचं तिथे, आणि मी बिचारी नुसती पेटी धरणारी. तिने काच वर केली. गाडी गेली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि माझ्या घशातलं जाळं सुटलं. मी ओरडले. कशी ओरडले ते मला ऐकू आलं नाही, पण खुरसावरचे कावळे उडाले. "सायबीण रोझामावशीकडे जातली! मागे फिरा!"

गाणं थांबलं. इनास मागे आला. त्याने माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, गाडी गेली त्या वाटेकडे बघितलं. मी रडत रडत सगळं सांगितलं, पहिल्या संध्याकाळपासून, चण्यांपासून चवळीपर्यंत. एवढं मी लग्नात शपथ घेतानाही बोलले नव्हते. कोणी हसलं नाही, हसले असते तर बरं वाटलं असतं. शेवटी इनास अगदी हळू म्हणाला, म्हणजे त्याला तसं बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं, "मगे आधी सांगूक काय झाला होता तुका?"

पास्कूने आग्नेलला फोन लावला, तो लागला नाही. आम्ही मागे फिरलो. रोझामावशीच्या दाराला कुलूप होतं. पायऱ्या सारवलेल्या, भिंतीचा चुना ताजा. चणे उकडायचा मोठा टोप धुऊन पडवीत पालथा घातला होता. पेटी ठेवायला काही नव्हतं, म्हणून तो टोप तसाच ठेवून त्यावर पेटी ठेवली. फादर सायकल मारत आले. काय झालं ते इनासने त्यांना सांगितलं. फादर मला काही बोलले नाहीत, गुडघ्यावर बसले, आणि कुलपासमोर आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली.

संध्याकाळी फोन लागला. तोपर्यंत ती दोघं महाड सोडून पुढे गेली होती. पास्कू म्हणाला, मी बोलतो, सगळं समजावून सांगतो. फादरांनीही मी सांगू का असा निरोप पाठवला होता. पण मी दोघांनाही नको म्हणाले. हे एक तरी वाक्य माझ्या तोंडून जायला हवं होतं, कारण मावशी दुसऱ्या कोणाचं ऐकून घेईल, पण विश्वास माझ्यावर ठेवील. सकाळी मी चाळीस माणसांसमोर ओरडले होते, आता तर फक्त एका मावशीशी बोलायचं होतं. मी फोन कानाला लावला.

मी विचारलं, जेवलंस? ती म्हणाली, वाटेत वडापाव खाल्ला. मी विचारलं, पाय दुखतात? म्हणाली, नाही. मग मी श्वास घेतला आणि म्हणाले, "मावशे, सायबीण तुझ्या घराकडे इली. पडवीत बसली."

पलीकडून गाडीचा आवाज येत होता.

"मी निघान गेल्यार इली?" मावशीने विचारलं.

इथे मला म्हणायचं होतं, की मावशे, ती तुझ्याकडेच यायची होती, मीच सांगितलं नाही. वाक्य तयार होतं, सकाळी सगळ्यांसमोर रडत रडत सांगितलेलं. तोंड उघडलं. पास्कू समोर उभा राहून हातवारे करत होता, की बोल, बोल. मी तोंड उघडं ठेवून उभी राहिले. पलीकडे मावशी वाट बघत होती. मी श्वास घेतलेला तिला ऐकू आला असणार.

मग आग्नेलचा आवाज आला. "मम्मी, रेंज गेली वाटता. हॅलो, आयकाक येता काय?"

आणि मी, फोनवर, होय म्हणून मान हलवली.